चिदोरीचं सुकाणू

"आजोबा, बोटीची देवी फुनादामा स्वतः बाई आहे ना? मग तिला बोटीवर बाई का चालत नाही?"

हे मी घरी, जेवताना, हळूच विचारलं असं समजू नका. भर बोटयार्डात विचारलं. आमच्या शिडाच्या बोटीची, चिदोरीची, डोलकाठी लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली होती, तिला नव्या पोलादी तारा जोडायचं काम चाललं होतं. शेजारच्या बोटीचे ओगाता काका, क्रेनवाले हिरामोतो, बाबा, सगळे हजर होते. आणि कुंपणापलीकडे सायकलींवर माझी मैत्रीण कोतोने आणि आमच्या वर्गातली टोळी. सगळ्यांदेखत विचारायची माझी छाती होणार नाही, अशी कोतोनेची पैज होती. ती हरली तर आठवडाभर मला मेलनपान, म्हणजे गोड पाव, खायला घालणार होती. गेल्या वर्षीची मी असते तर गुपचूप स्वतःचा पाव स्वतः विकत घेतला असता. पण या वसंतात शाळेच्या शर्यतीत माझी छोटी शिडाची होडी उलटली, मी ती एकटीने सरळ केली, आत बसून शर्यत पुरी केली. शेवटची आले, पण तेव्हापासून माझी जीभ माझं ऐकेनाशी झाली आहे.

आजोबांनी मान वर केली नाही. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने ते काठीच्या टोकाला लागणारी कप्पी तपासत होते.

"ती मत्सरी आहे," ते म्हणाले.

"कोणी पाहिलंय तिला?"

ओगाता काकांना ठसका लागला. कुंपणापलीकडे कोणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"समुद्रावरच्या सगळ्याच गोष्टी बघून कळत नसतात," आजोबा म्हणाले आणि कप्पी पुसायला लागले. म्हणजे विषय संपला.

माझ्यासाठी नव्हता संपला. चिदोरी एकतीस फुटांची आहे आणि तिचा कोपरान् कोपरा मला पाठ आहे. शिडाचे दोर ताणायच्या दोन्ही विंच दर हिवाळ्यात मी उघडते, जुनं ग्रीस रॉकेलने धुते आणि नवं लावते. मोठ्या शिडाचा उसवलेला काठ मीच शिवला. खालच्या केबिनमधला झुलता स्टोव्ह, जो बोट कलली तरी स्वतः सरळ राहतो आणि चहा सांडू देत नाही, त्याच्या बिजागऱ्या मी घासते. तळाशी साठलेलं पाणी उपसायचा पंप, नांगराची साखळी, कठड्याच्या तारा, सगळं माझ्या हाताखालून जातं. पण धक्क्यावरून दोर सोडला की मी खाली उतरायचं. बोट चालू असताना एकटी बाई बोटीवर नको. दोघी असल्या तर म्हणे देवीचा मत्सर वाटला जातो आणि फारसं बिघडत नाही. त्या वेळीही सुकाणू पुरुषाच्याच हाती.

म्हणून दर ऑगस्टमध्ये, शाळेच्या उन्हाळी सुटीत, आई माझ्याबरोबर यायची. माझ्या आईला धक्क्यावर उभं राहून लाटा बघितल्या तरी मळमळतं. ती मागच्या कोपऱ्यात कागदी पिशवी घेऊन बसायची, चेहरा मुळ्यासारखा पांढरा, आणि मी विचारलं की म्हणायची, छान वाटतंय, हवा छान आहे. मी समुद्रावर जावं म्हणून ती दर उन्हाळ्यात ओकायची. याबद्दल आमच्या घरात कोणी कधी काही बोललं नाही.

आणि यंदा तर तेही संपणार होतं. आजोबांचा हात मोडला तसं बाबांनी ओसाकाच्या एका माणसाशी बोलणं सुरू केलं होतं. बाबा फेरीच्या तिकीटखिडकीवर काम करतात. वारा ही त्यांना हवामान खात्याची भानगड वाटते. बोट म्हटली की त्यांना इंजिन आठवतं. नव्या तारा बसल्या की एक फेरी मारून बघायची, जमलं नाही तर चिदोरी विकून टाकायची, असं ठरलं होतं. कोणाला जमलं नाही तर? बाबांना. मला जमतं की नाही हे कोणी विचारलंच नव्हतं.

माझ्या नावातलं दुसरं अक्षर, हो, म्हणजे शीड. शिहो. हे नाव आजोबांनीच ठेवलं, आणि मला वाटतं त्यांना तेव्हा त्यात काही विसंगत दिसलं नसावं.

तर काठी उभी करायची वेळ आली. चिदोरीची काठी डेकमधून आरपार खाली जाते आणि केबिनच्या तळाशी, बोटीच्या कण्यावर टेकते. तिथे, काठीच्या बुडाशी, फुनादामा असते. बोटीचा जीवच तो. हाताच्या तळव्यात मावेल अशी लाकडी पेटी. काठी काढली की पेटी बाहेर काढायची, पुसायची, साके म्हणजे तांदळाची दारू शिंपडायची आणि काठी उभी राहायच्या आत परत जागेवर बसवायची. तिच्याशिवाय आमच्याकडे कोणी काठी उभी करत नाही, क्रेनवालेसुद्धा हूक खाली सोडत नाहीत. हे काम घरातल्या पुरुषाने करायचं. आजोबांचा एकच हात चालत होता, म्हणून बाबा खाली उतरले. पेटी घेऊन शिडीवरून वर आले, हातात साकेची बाटलीही होती, आणि शेवटच्या पायरीवर पाय अडकला.

पेटी डेकवर पडली आणि झाकण निघालं.

आत दोन फासे होते. कागदाच्या दोन बाहुल्या, नवराबायको. काळी पडलेली नाणी. आणि लाल दोऱ्याने बांधलेली केसांची एक बारीकशी बट. इतकी मऊ की वाऱ्याने हलायला लागली.

आई नेमकी तेव्हाच ओनिगिरीचा, भाताच्या गोळ्यांचा, डबा घेऊन आली होती. ती डेकवर वाकली. दोऱ्याची गाठ तिने ओळखली, कारण ती तिनेच बांधली होती.

"हे तर शिहोचं जावळ," ती म्हणाली. "मामंजी, तुम्ही म्हणाला होतात देवळात द्यायचंय."

आजोबा म्हणाले, देवळातच दिलंय, हेही देऊळच आहे. पेटीत घरातल्या लेकीचे केस लागतात, आणि चिदोरी घरी आली तेव्हा घरात लेक एकच होती. एवढं बोलून ते घाईघाईने बाहुल्या गोळा करायला लागले. एका हाताने. कान लाल झाले होते.

मला आधी हसू आलं. मग राग आला, आणि राग चांगलाच आला. म्हणजे मला दोर सुटला की उतरवत होते, आणि मी सारा वेळ खाली काठीच्या बुडाशी बसले होते. सगळ्यांच्या आधी. प्रत्येक फेरीला.

"मग मी पहिल्यापासून बोटीवरच आहे," मी म्हणाले.

"केस देवीचे झाले," आजोबा म्हणाले. "ते म्हणजे तू नव्हेस."

"मला न विचारता कसे झाले? मी चालत नसेन तर माझे केसही चालायचे नाहीत. द्या परत."

मी हात पुढे केला. ओगाता काकांनी दुसरीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. बाबा म्हणाले, शिहो, पुरे आता, मोठ्यांशी असं बोलतात का. मी म्हणाले की मोठे मला बोटीवर घेत नाहीत, तर मी धक्क्यावरूनच बोलणार ना. मग मी वाकून बट उचलली आणि मुठीत धरली.

हिरामोतोंचा हूक वर लोंबकळत होता. दुपारचा वारा सुटायला लागला होता. वाऱ्यात डोलकाठी उचलता येत नाही, हे आजोबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते आईकडे बघायला लागले. आईच्या केसांकडे.

आईने डब्याशेजारची उन्हाची टोपी उचलली, शांतपणे डोक्यावर घातली आणि हनुवटीखाली बंद बांधला.

मला वाटतं, माझ्या आईने सासऱ्यांना दिलेलं हे पहिलं उत्तर असावं.

"अहो कप्तान," हिरामोतो क्रेनमधून म्हणाले, "देवीशी बोलणी कधी संपणार? मला पलीकडे दुसरी बोट आहे."

आजोबांनी उघडी पेटी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "एक फेरी. सुकाणू तुझ्याकडे. पण मी ओरडलो की ऐकायचं."

"ओरडायला कारण असलं तर ऐकीन," मी म्हणाले आणि बट परत पेटीत ठेवली. पेटी मी स्वतः खाली नेऊन बसवली. हिरामोतोंनी हूक खाली सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा आई बोटीत पाय ठेवणार होती. मी तिला नको म्हणाले. ती धक्क्यावरच थांबली, आणि आजोबांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. ओगाता काका त्यांच्या बोटीवरून म्हणाले, "आज देवी वरती आली वाटतं. खाली कोण आहे मग?" मी म्हणाले, खालीही मीच आहे, काळजी नको.

बंदरातून बाबांनी बोट इंजिनवर बाहेर काढली. सामुद्रधुनीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ लागली. तिथे पाणी नदीसारखं वाहतं, आणि वाहत जातं ते थेट कालवांच्या तराफ्यांकडे. बांबूंना बांधलेल्या शिंपल्यांतल्या कालवांच्या माळा, खाली दोरखंडांचं जंगल. तेवढ्यात इंजिनचा भोंगा पीं करून ओरडायला लागला. इंजिन गार ठेवणारं पाणी आत ओढायच्या भोकात समुद्री गवत अडकलं होतं. बाबांनी इंजिन बंद केलं आणि पडद्यावरच्या नकाशात डोकं घातलं. नकाशात आम्ही व्यवस्थित तराफ्यांकडे सरकताना दिसत होतो.

"बाबा, नकाशा सोड. पुढचं शीड उघड. डावीकडचा दोर."

"इंजिन थोडं थंड झालं की..."

"तोपर्यंत आपण कालवं झालेलो असू. दोर ओढ."

पुढचं शीड गुंडाळीवर असतं, दोर ओढला की पडद्यासारखं उलगडत येतं. बाबांनी ओढलं, शीड फडफडलं, मग मी विंच फिरवायला सांगितली आणि त्यांनी दांडा घालून फिरवली. माझं ग्रीस होतं, लोण्यासारखी फिरली. शीड भरलं. चिदोरी कलली आणि माझ्या हातातलं लाकूड जिवंत झालं. खाली शिशाचा जड कणा आहे, तो तिला पालथी होऊ देत नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आता तळव्यातून कळलं. शिडावर लोकरीचे दोन धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे उडत असले की समजावं, वारा बरोबर लागतोय. मी धाग्यांकडे बघत होते. तराफे इतके जवळ आले होते की त्यांच्यावर बसलेले बगळे दिसत होते.

मी आजोबांच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते ओरडले नाहीत.

"वळतेय," मी म्हणाले आणि सुकाणू ढकललं. बोटीचं पुढचं टोक, नाळ, वाऱ्यातून फिरली, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं, बाबांनी या वेळी न सांगता दोर बदलला. तराफे मागे पडले. बगळे उडालेसुद्धा नाहीत.

आजोबा उठले, डाव्या हाताने कठडा धरत शिडीवरून खाली केबिनमध्ये गेले. मला वाटलं, रागावले. मग स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. ते चहा करत होते. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे. सुकाणू दुसऱ्याच्या हातात असताना आजोबा खाली गेलेले आम्ही दोघांनीही कधी पाहिले नव्हते. बोट एका अंगावर कलली होती, आणि खालून चहाचा वास सरळ वर येत होता.

संध्याकाळी आजोबा आंघोळीला गेल्यावर मी आईबाबांसमोर गुडघे टेकून नीट बसले, पाहुणे आल्यावर बसतात तशी. बाबा म्हणाले, काय झालं, काय फोडलंस?

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "सोळा पूर्ण झाली की बोटीचा परवाना काढणार, तुम्ही फक्त सही करा. बाबा, ओसाकाच्या माणसाला उद्याच फोन करून नाही म्हणून सांग, चिदोरीला कप्तान मिळालाय. आणि आई, ऑगस्टमध्ये तुला यायचं असेल तर ये. पण दुसरी बाई म्हणून नको. माझ्यासाठी ओकायचं आता बंद."