धुण्याचा शिक्का

दोन मिनिटांचं काम होतं. लेझरच्या यंत्राला नाव टाइप करून द्यायचं, रबराचा तुकडा आत सरकवायचा, जळका वास सुटून थांबला की काढायचा आणि लाकडी मुठीला चिकटवायचा. अख्ख्या हिल्डेसहाइम गावात हे काम माझ्याइतकं भराभर कुणी करत नाही. पण आईचा शिक्का काही माझ्या हातून होईना.

वृद्धाश्रमवाल्यांनी साफ सांगितलं होतं. प्रत्येक कपड्यावर नाव हवं, अगदी मोज्यांवरसुद्धा, नाहीतर सोमवारी आईला आणू नका. सगळ्यांचं धुणं एकत्र पडतं, कुणाचा स्वेटर कुणाच्या अंगावर जाईल नेम नाही. बरोबरच आहे त्यांचं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे शिक्के आमच्याच दुकानातून गेलेत.

"तिला पाठवायचंच नाहीये तुला," डेटलेफ फोनवर म्हणाला. हा माझा धाकटा भाऊ. कासेलला राहतो आणि तिथून सल्ले देतो. दुरून डोंगर साजरे.

"शाई आलेली नाही," मी म्हटलं.

"शिक्क्यांच्या दुकानात शाई नाही? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"सगळ्या शाया सारख्या नसतात, शहाण्या. कागदाची पाण्यात विरघळते. प्लास्टिकवर मारायची कापडावर पसरते. खाटकाकडे मांसावर मारतात ती पोटात गेली तरी चालते. ही उकळत्या पाण्यातही न जाणारी लागते, ती मागवावी लागते."

"आणि तिची बाटली मागच्या खोलीत, वरच्या फळीवर उजवीकडे असते. मीपण त्याच दुकानात वाढलोय, गुद्रुन."

बाटली तिथेच होती.

शनिवारी तो स्वतःच उगवला. कोट न काढता गल्ल्याशी गेला, एका चिठ्ठीवर 'रोझविता क्लाइन' असं आईचं नाव लिहिलं, खाली 'कपड्यांसाठी' असं लिहिलं आणि चिठ्ठी खिळ्यात खुपसली. आमच्याकडे कामाच्या चिठ्ठ्या त्या खिळ्याला असतात. "लेक म्हणून जमत नसेल तर गिऱ्हाइकाचं काम समज," तो म्हणाला. मी त्याला जेवायला बटाट्याचं सॅलड दिलं.

आईला एकटीला ठेवायचं नाही, हे ठरलेलं. गेल्या महिन्यात शेगडीवर टॉवेल पेटला. त्याआधी ती सपाता घालून पहाटे बसस्टॉपवर जाऊन बसली होती, शाळेला जायचंय म्हणून. माझ्याशी कधी लेकीसारखं बोलायची, कधी मी कुणीतरी कामाला ठेवलेली बाई. जेवण झाल्यावर डेटलेफला म्हटलं, तू बस तिच्यापाशी, मी बाजार करून येते. साहेब सोफ्यावर बसले ते घोरायलाच लागले असणार.

परत आले तर दारातच गंधकाचा वास. जुना प्रेस! लेझर येण्याआधी आई त्यावरच शिक्क्यांचं रबर भाजायची. माझ्या हातातली पिशवी तिथेच पडली. मी मागच्या खोलीत धावले.

आई प्रेससमोर उभी होती. एप्रन बांधलेला, हात दांड्यावर. शिशाची अक्षरं जुळवून झाली होती, त्यांचा साचा दाबून झाला होता, आणि आता साच्यावर कच्चं रबर चढवून ती ते भाजत होती. रबर चिकटू नये म्हणून पावडरसुद्धा आठवणीनं भुरभुरली होती. शेजारी डेटलेफची चिठ्ठी. खिळ्यावर चिठ्ठी दिसली की काम करायचं, एवढं तिच्यात उरलं होतं.

"दार लाव गं. वारा येतो," ती म्हणाली. "कच्चं आहे अजून."

तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. वासावरून ओळखलं, प्रेस बंद केला, बटण दोनदा चाचपलं. रबर सोलून काढलं, कडा तिरप्या कापल्या, मुठीला चिकटवलं. डेटलेफ डोळे चोळत दारात आला होता. मी त्याच्याकडे वळले. बघ म्हणावं, हिला काय धाड भरलीय? कुठल्याही सोमवारी कुठेही नेणार नाही मी हिला. शब्द अगदी ओठांवर आले होते.

आईनं फळीवरची बाटली काढली, शिक्क्याच्या गादीवर शाई ओतली. कापडाच्या शिक्क्याचा पहिला ठसा आमच्याकडे आपल्याच एप्रनवर मारतात. फिका आला, पसरला, तरी गिऱ्हाइकाचं कापड वाचतं. तिच्या त्या एप्रनवर गावातल्या किती म्हाताऱ्यांची नावं होती. एक कोरा कोपरा शोधून तिनं शिक्का मारला. स्वच्छ उठला. रोझविता क्लाइन.

तिनं तो वाचला. मग शिक्का कागदात गुंडाळून माझ्यापुढे धरला.

"हा घ्या. इस्त्री फिरवल्याशिवाय धुऊ नका हं, नाहीतर जाईल. तुमच्या आईचा का?"

"हो," मी म्हटलं.

"स्वतः नाही आल्या?"

"त्यांना नाही जमत आता."

"बिचाऱ्या," आई म्हणाली. "मोजे विसरू नका. मोजे फार हरवतात तिथे."

डेटलेफ भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मला वाटलं होतं, मलाही रडू येईल. नाही आलं. आत काही हललंच नाही. मी जाऊन इस्त्री लावली आणि रविवार संपेपर्यंत तिच्या कपड्यांवर शिक्के मारत बसले. आई शेजारी बसून घड्या घालत होती. कुणाचे कपडे, तिनं विचारलं नाही.

सोमवारी ती एप्रन काढायलाच तयार होईना. तसंच नेलं. आश्रमातल्या कपडेवाल्या बाईंनी एकेक कपडा पाहून बाजूला ठेवला, मग आईचा एप्रन हातात धरून वरपासून खालपर्यंत वाचला.

"यातल्या ह्या कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मी कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं.