न भरलेले चौकोन

मोडेमवरचे दोन दिवे लुकलुकत होते, भिंतीतला एसी आपली गुरगुर चालू ठेवून होता, आणि मोनिका माउसवरचा हात तसाच ठेवून मान वळवून पाहत होती. महेंद्रची पाठ माझ्याकडे होती. त्याच्या खांद्यावरून मला त्याचा पडदा दिसत होता. सगळा काळा, आणि मधोमध एकच पिवळा चौकोन. त्या चौकोनात महेंद्रचं खेळातलं पात्र उभं होतं, हातात पेटता कंदील घेऊन.

कंदिलाचा उजेड चार चौकोन जायला हवा होता.

माझ्या पडद्यावर पुण्याहून सुनीलची ओळ उमटली. तो एका सायबर कॅफेत बसून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. ‘काय रे, झोपले का सगळे? मी देवळापाशी उभाय. कोण येणार?’

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा मार्च होता. अहमदनगरला सावेडी रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानावर मोनिकाचा संगणक-वर्ग होता. मी तिथे मुलांना टंकलेखन शिकवायचो. रविवारी दुपारी वर्गाला सुट्टी असे, आणि ती दुपार आम्ही खेळाला दिली होती. सुनीलने पुण्याच्या वसतिगृहातून एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स आणली होती. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने सूत्रधार व्हायचं, फासे टाकायचे आणि बोलता बोलता एक गोष्ट घडू द्यायची. आधी आम्ही तो गावाकडे, पारावर वही ठेवून खेळायचो. सुनील नोकरीला गेल्यावर तो टेलिफोनच्या तारेवरून चालू राहिला. सूत्रधार मी. बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाला वर्णनं करायला सांगितली, की तो थांबत नाही.

उजेड मात्र महेंद्रचा होता. तो आदल्याच वर्षी बी.सी.एस. झाला होता. पारावर खेळताना एक अडचण नेहमीची होती: नकाशा उलगडला की सगळ्यांना सगळंच दिसे. गुहेतल्या तिसऱ्या दालनात काय दडलंय, हे पहिल्या दालनातल्याला कळू नये, तर कागद झाकायचा कसा? महेंद्रने त्यावर एक प्रोग्राम लिहिला. नकाशा म्हणजे आलेखाच्या वहीसारखे चौकोन. प्रत्येक चौकोनात एक आकडा भरायचा: ही वाट, ही भिंत, हा दिवा. दिव्यापासून प्रोग्राम चहूबाजूंनी रेषा ओढत जाई आणि रेषेला भिंत आडवी आली, की तिथे थांबे. पणतीचा उजेड एक चौकोन, कंदिलाचा चार. बॅटरीचा सात, पण फक्त समोर. ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच त्याच्या पडद्यावर उजळे, बाकी काळं. म्हणून आम्ही तीन टेबलं तीन भिंतींना लावली होती आणि एकमेकांकडे पाठ करून बसायचो.

‘आन् एक ध्यानात ठेव, गोरख,’ तो मला पहिल्या दिवशी म्हणाला होता. ‘ज्या चौकोनात तू कायच भरनार न्हाईस, त्याला ह्यो भिंत धरतो. गुहेत खोदलं न्हाई तिथं दगडच असतो ना, म्हनून.’

‘कळलं,’ मी म्हणालो होतो.

येत्या बुधवारी तो हैदराबादला नोकरीसाठी जाणार होता. सुनील आधीच गेलेला. पत्रं लिहिणारे आम्ही कुणीच नव्हतो. फोनवर आमचं बोलणं दोन मिनिटांत आटपायचं. रविवारचा हा खेळ तुटला असता, तर आमच्यामध्ये दुसरं काही उरत नव्हतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. म्हणून मी या वेळी गुहा सोडल्या आणि आमचं गाव काढलं. सोनईपासून चार मैलांवरचं, आम्हा तिघांचं गाव. बारा दिवस मी त्यावर बसलो होतो. जाणाऱ्यांनी ते बरोबर न्यावं, आणि परक्या शहरांत बसून रविवारी त्याच्या गल्ल्यांतून हिंडावं, अशी माझी कल्पना होती. मला ती फार सुंदर वाटली होती.

मी विजेच्या डांबांवरचे सात बल्ब ठेवले, त्यांतला शाळेजवळचा फुटका. दूध डेअरीची निळसर ट्यूब ठेवली. भैरवनाथाच्या गाभाऱ्यात नंदादीप ठेवला आणि त्याचा उजेड उंबऱ्यापर्यंतच पोचेल अशा भिंती घातल्या. गुऱ्हाळाच्या चुलवणाला, काहिलीखालच्या भट्टीला, पाच चौकोनांचा तांबडा उजेड दिला. चिपाडं टाकली की तो वाढायचा आणि मग ओसरायचा. त्यासाठी महेंद्रकडूनच चार ओळी लिहून घेतल्या होत्या. आमच्या घराच्या परसातल्या शेवग्याची सावलीसुद्धा मी हिशेबात धरली होती.

खेळाची सुरुवात अशी होती: गावातली वीज त्या रात्रीपुरती गेली आहे, भैरवनाथाची घंटा कुणी तरी काढून नेली आहे, आणि ज्याने त्याने आपल्या घरातून निघून तिचा शोध घ्यायचा आहे. सुनील वरच्या आळीतून निघाला. मोनिका आमच्या गावची नव्हती, ती मुक्कामाच्या एस.टी.तून उतरली आणि उतरताच म्हणाली, ‘शी, कसलं गाव तुमचं, स्टँडवर साधी मुतारी नाही!’ आम्ही हसलो. महेंद्रही हसला.

‘तू कुठनं?’ मी विचारलं.

‘माझ्या घरातनं,’ तो म्हणाला. ओढा त्याने स्वतःच मोजला, ओढ्यापलीकडे बारा चौकोन मोजले, खाली चार, आणि आपलं पात्र तिथे ठेवून कंदील पेटवला.

तिथे मी काहीच भरलं नव्हतं.

‘मशीन अडकलं का रे तुझं?’ शेवटी मोनिकानेच तोंड उघडलं. ‘बंद करून चालू कर.’

‘अडकलं न्हाई,’ महेंद्र म्हणाला. ‘बरोबर चाललंय.’ त्याने वरचं बटण दाबलं. मग खालचं, मग उजवीकडचं, डावीकडचं. प्रत्येक वेळी मशीनने तोच बारीक आवाज काढला, भिंतीवर आपटल्याचा. तो आवाजही त्याने स्वतःच बसवला होता. ‘दगडात हाय मी. चारी अंगानं.’

मोनिका हसली, आणि आणखी कुणी हसलं नाही हे लक्षात आल्यावर गप्प झाली.

‘अरे, तिकडचं राहिलंच भरायचं,’ मी म्हणालो. ‘वेळच पुरला नाही बघ. इतका मोठा नकाशा...’

‘व्हय, मोठा हाय.’ तो उठून माझ्या टेबलाशी आला. सूत्रधाराच्या पडद्यावर काळं काही नसतं; सगळं गाव एकदम दिसतं. तो वाकून पाहत राहिला, आणि त्याच्या आवाजात जवळजवळ कौतुक होतं. ‘कुसळांच्या घरच्या गोठ्यात दोन म्हशी हायेत. देवळामागचा उकिरडा हाय, सहा चौकोन. ह्यो काय?’

‘हौद.’

‘पडका हौद. त्यो बी हाय.’ त्याचं बोट ओढ्यापर्यंत आलं. ओढ्याची निळी रेघ मी मन लावून काढली होती, वळणासकट. ‘आन् हितं गाव संपलं.’

‘महेंद्र, मुद्दाम नाही रे केलं.’

‘मुद्दाम केलं असतंस तर काय तरी काढलं असतंस,’ तो म्हणाला.

सुनीलची ओळ आली: ‘लाईन गेली का? हॅलो! इथं तासावर बिल आहे.’

मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं. शब्दांवर ज्यांचा फार विश्वास असतो, त्यांना गप्प बसणं जमत नाही. ‘असं कर,’ मी म्हणालो, ‘आजच्यापुरता आमच्या घरातून नीघ ना. ओट्यावर कंदील आहेच. आईच तुला हाक मारते असं मी वर्णन करतो.’

मोनिका मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसू लागली.

‘रतनबाईंच्या ओट्यावरनं,’ महेंद्र माझ्या आईचं नाव घेत म्हणाला. ‘लई बसलोय मी तुमच्या ओट्यावर. नववीपास्नं.’

हे खरं होतं आणि आमच्या घरी त्याचा अभिमान होता. आई त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून वाढायची. वडील, कारभारी म्हणून ज्यांना सारं गाव ओळखतं, ते पाहुण्यांना सांगायचे की आमच्या घरात तसलं काही नाही. माझीही तीच समजूत होती. त्याच्या घरी जाऊ नकोस, असं मला कधी कुणी म्हटलेलं नव्हतं. तशी वेळच आली नाही. मी निघालोच नव्हतो.

‘मग तू सांग,’ मी वही पुढे ओढली, पेन्सिल घेतली. ‘आत्ता भरू. दहा मिनिटांचं काम आहे. तू सांगत जा, मी चौकोन काढतो.’

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. क्षणभर मला वाटलं, मिटलं.

‘तूच सांग,’ तो म्हणाला. ‘वड्याचं पानी वलांडून चढ चढला. समोर पयलं काय?’

‘विहार.’

‘विहार मागं हाय, लिंबाखाली. पयलं काय?’

मी पेन्सिल कागदावर टेकवून बसलो.

‘हापसा,’ तो म्हणाला. ‘बरं, आमचं घर कुन्या तोंडाचं?’

‘पूर्वेच्या?’

‘तू विचारतोस का सांगतोस?’

‘उत्तरेच्या.’

मला शहाण्णव सालची एक संध्याकाळ आठवली. त्यांच्या घरी मीटर बसला होता. महेंद्र दुपारीच सायकल दामटत आमच्या मळ्यात आला होता. ‘गोरख, लाईट आली! सांच्याला ये, आईनं शेवया केल्यात, अण्णा बी म्हनले गोरखला आन म्हनून.’ अण्णा म्हणजे रंभाजी, त्याचे वडील. साखर कारखान्यात कामाला होते, आणि ती तार ओढून घ्यायला त्यांनी चार वर्षं खेटे घातले होते. मी गेलो. ओढ्यापर्यंत गेलो. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडच्या चढावर एक नवा बल्ब दिसत होता. त्याच्याखाली माणसं हलत होती, कुणी तरी मोठ्याने हसत होतं. मी अलीकडेच उभा राहून पाहिलं. छान दिसतंय, असंही मनात आलं. मग परत फिरलो. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, ‘यायचं होतं रे, पण ओढ्याला पाणी लई हुतं.’

तो ओढा महेंद्र दिवसातून दोनदा ओलांडायचा. ‘व्हय,’ तो म्हणाला होता, ‘असंल.’

नकाशा काढताना तो बल्ब मला आठवला नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकतो, आणि सांगताना मान वर होत नाही. ठरवून लपवलं असतं, तर त्या उजेडाची जाणीव तरी कुठे तरी शिल्लक असती. मी शेवग्याची सावली मोजली होती आणि माणसांनी भरलेल्या एका उंचवट्याचा दगड करून टाकला होता, तेही त्यानेच शिकवलेल्या नियमाने.

‘पाणी जास्त नव्हतं त्या दिवशी,’ मी म्हणालो. कोणता दिवस, हे मी सांगितलं नाही.

‘ठावं हाय,’ तो म्हणाला. ‘पान्यातच उभा हुतो मी, अंधारात. चपला हातात घेऊन. तुला न्यायला आल्तो. तू दिसलास, हाक मारनार, तवर तू वळलास.’

एसी बंद झाला, आणि खोली एकदम रिकामी वाटू लागली. तीन वर्षं हे त्याच्याजवळ होतं. या तीन वर्षांत तो आमच्या ओट्यावर बसला, आमच्याकडे जेवला, माझ्यासाठी त्याने उजेडाचं गणित लिहिलं.

‘मी आज येतो,’ मी म्हणालो. ‘आत्ता. साडेपाचची गाडी आहे. तुझ्याबरोबर येतो, घर बघतो, सगळं...’

‘चौकोन भरायला?’

‘नाही रे. तसं नाही.’

‘आईला काय सांगू? गोरख आलाय, वही घिऊन?’ त्याच्या तोंडावर हसू आलं आणि ते दुष्ट नव्हतं. दुष्ट असतं तर मला सोपं गेलं असतं. ‘रातच्याला ती रोज म्हनायची आदी, तुझा दोस्त कवा यायचा. आता न्हाई म्हनत.’

तो उठला. आपल्या मशीनपाशी गेला आणि, नेहमीच्या शिस्तीने, पात्र जतन केलं, प्रोग्राम मिटला, मशीन बंद होईपर्यंत वाट पाहिली, वर प्लॅस्टिकचं आवरण घातलं. पडद्यावरचा पिवळा चौकोन गेला तेव्हा तो कुठे होता, हे काळ्या काचेवर शोधू म्हटलं तरी सापडत नव्हतं.

‘महेंद्र, चहा सांगते ना मी,’ मोनिका म्हणाली. ‘बस की थोडा वेळ.’

‘नको मोनिकाताई. बांधाबांध करायची हाय.’

दाराबाहेर आमच्या तिघांच्या चपला होत्या. त्याने आपल्या पायात सरकवल्या. मी अनवाणीच त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. खालून झेरॉक्सच्या यंत्राचा उजेड पायऱ्यांवर येत होता आणि जात होता.

‘हैदराबादहून खेळशील ना?’ मी विचारलं. ‘रविवारी?’

तो पहिल्या पायरीवर थांबला. कठड्यावर हात ठेवला, जणू काही तरी आठवून पाहत होता. मग हात काढून घेतला आणि एकेक पायरी उतरत रस्त्यावर गेला.