डाव्या कडेची सावली

“डाव्या कडेला अजून सावली आहे,” असं म्हणत बाबांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला.

प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाई शेजारीच उभ्या होत्या. मायक्रोस्कोपमध्ये अर्धं चित्र अंधारं दिसतं, अशी त्यांची तक्रार होती. कुणीतरी पुसापुशी करताना उजेड एकवटणारं खालचं भिंग सरकवून ठेवलं होतं. बाबांनी उजेडाचा ठिपका बारीक केला, स्क्रू फिरवत मधोमध आणला आणि पुन्हा मोठा केला. बाईंनी पाहिलं, मी पाहिलं. चित्र कडेपर्यंत लख्ख होतं.

“मला तर स्वच्छ दिसतंय हो,” बाई म्हणाल्या.

“तुमचं समाधान लवकर होतं, डॉक्टर.”

हट्टाला पेटले की बाबा कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्या बरोबरीने दुरुस्ती करते, पण शेवटची नजर त्यांचीच. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही मशीन परत गेलेलं नाही. सावली कुठे आहे ते मला कळून चुकलं होतं, पण सांगायला जीभ रेटेना.

“बाबा, जरा दम खा ना.”

“दोष तसाच ठेवून?”

मग त्यांनी मला शिकवलेलाच धडा गिरवायला घेतला: जे फिरवल्यावर सावली फिरते, दोष त्यात. त्यांनी डोळ्याजवळचं भिंग फिरवलं. मग खालचं. स्लाइड सरकवली, दिवा हलवला. सावली जागची हलेना. शेवटी त्यांनी स्वतःची मान तिरकी केली आणि एकदम थांबले. नेहमीचा उजवा डोळा भिंगावरून बाजूला घेऊन त्यांनी डावा लावला. बराच वेळ पाहत राहिले.

“सापडलं,” ते म्हणाले. “मशीन ठणठणीत आहे. माझा उजवा डोळा बिघडलाय.”

आवाज जराही कापला नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंगांतले दोष काढणाऱ्या या माणसाने स्वतःलाही तपासणीतून सोडलं नव्हतं. मला भडभडून आलं, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. असा बाप मिळायला नशीब लागतं.

“आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मी फोन करते,” बाई घाईने म्हणाल्या.

“दाखवतो. आधी हे काम.” ते स्टुलावरून उठले. “मशीन पास की नापास, ते आता माझी लेक सांगेल.”

“डाव्या डोळ्याने दिसलं ना तुम्हाला, बाबा?”

“दिसलं. पण तो कामाचा डोळा नाही. बस तू.”

मी बसायला गेले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. खाली वाकून त्यांनी स्टुलाची बैठक फिरवली आणि माझ्या उंचीला आणून ठेवली.