चाळीस मिनिटांवरचा लेक

"वहिनी, दादाला म्हणावं आजच्या विमानाने ये. आई सारखी दाराकडे बघतेय."

नणंदेचा फोन ठेवला आणि ह्यांची बॅग भरायला घेतली. एरवी तोंडाला कुलूप लावून बसणारा माणूस, पण त्या दुपारी एका शर्टासाठी दहादा विचारलं, "हा आईला आवडायचा ना गं?"

आमचे हे विमानतळावर विमानांना शिडी लावतात. विमानतळ एवढंसं. सासूबाईंच्या गावाला दिवसातून एकच विमान. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसा घालून अख्खा दिवस मोडतो. विमानाने चाळीस मिनिटं. हे जायचे ते बसनेच, पण आईला सांगून ठेवलेलं, "काळजी करू नकोस, हाक मारलीस की चाळीस मिनिटांत हजर." ती माउली गावभर सांगायची, माझा लेक चाळीस मिनिटांवर आहे म्हणून. मी चिडवायचे, "अहो, शिडी लावणाऱ्याला वर कोण घेतंय!"

त्या दिवशी हे पहिल्यांदा ती शिडी चढले.

दिवेलागणीला दार वाजलं. बघते तर हेच, हातात बॅग.

"अहो, हे काय?"

"खाली ढग उतरलेले. धावपट्टी दिसेना. घिरट्या घातल्या नि परत फिरवलं." बॅग खाली ठेवायचंही भान नव्हतं. "आईच्या डोक्यावर होतो गं मी."

मी लगेच नणंदेला कळवलं. पहाटे तिचाच फोन आला. सासूबाई गेल्या होत्या.

त्याच दिवशी आम्ही दोघं त्या विमानाने गेलो. आभाळ लख्ख. मेलं चाळीस मिनिटांत उतरलंसुद्धा! मला इतका राग आला त्या विमानाचा.

सगळं उरकून सासूबाईंच्या घरी परतल्यावर नणंद म्हणाली, "दादा, काल विमानाचा आवाज आला आणि आई म्हणाली, आला बघ, दार उघड. मी उघडलं. कुणी नव्हतं. वहिनीचा फोन आल्यावर तिला सांगितलंसुद्धा, विमान परत गेलं. ऐकेचना. तुझ्यासाठी खुर्ची ओढायला लावली, चहा ठेवायला लावला. मग रात्रभर तुझ्याशी बोलत होती."

हे भिंतीला टेकून उभे होते.

"आणि मी काय म्हणत होतो?"

"ते मला कसं ऐकू येणार, दादा?" नणंदेने डोळे पुसले. "आईच मधूनमधून म्हणायची, असू दे रे, असू दे. रडतोस काय असा."



संध्याकाळी माणसं भेटायला आली. खोली लहान, बसायला जागा पुरेना. पलंगाजवळची ती खुर्ची रिकामीच होती. शेजारच्या काकांनी ओढायला हात घातला, तर हे एकदम म्हणाले, "ती नको."

काकांना ह्यांनी दुसरी आणून दिली. स्वतः मात्र खाली फरशीवर बसले, त्या खुर्चीला धक्का लागणार नाही असे, जरा अंग चोरून.