दसऱ्याची दुनळी

आंबागडच्या टिकारामचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि बंदुकीच्या बाबतीत तर नव्हताच नव्हता. त्याच्या आजोबांना एका इंग्रज शिकाऱ्याने मायदेशी जाताना दिलेली ती विलायती दुनळी. नळ्यांवर वाळल्या मोहफुलासारखा तपकिरी रंग. आजोबांचा हात फिरून फिरून तो मुरलाय, असं टिकाराम मानायचा. शिकार केव्हाच बंद झाली होती. पण नळ्यांवर एकदा हात फिरवल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच्या पुढच्या साली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नागपूरचा वीरेंद्र बंदूक बघायला आला. जुन्या विलायती बंदुकांचा त्याला भारी नाद. नळ्या सुट्या करून त्यानं उजेडाकडे धरल्या आणि बघतच राहिला.

"काकाजी, हे कोनाले विकू नका. आन हा रंग घासू देऊ नका, तोच हिचा जीव आहे."

घेणार नाही, मग एवढं गोड काहून बोलून राहिला? टिकारामच्या मनात पाल चुकचुकली. त्यातून तो पाणी आणायला आत गेला तेवढा वेळ बंदूक पाहुण्याच्याच हातात होती, आणि पाहुण्याजवळ चांगली लांबलचक पिशवी होती.

पाहुणा जाताच त्यानं बंदूक बायकोच्या, रत्नाबाईच्या हवाली केली. "कोनाले दिसणार नाही अशी ठेव." रंगाचं मात्र तिला सांगितलं नाही. त्यातही त्याला डाव दिसत होता.

दसऱ्याला पूजेसाठी बंदूक बाहेर आली, तर नळ्या पांढऱ्याफटक!

"बदलल्या चोट्ट्यानं!" टिकाराम तडक फोनवर गेला आणि वीरेंद्रला तोंडाला येईल ते बोलला.

दुपारी वीरेंद्र स्वतः आला. नळ्यांखालचा नंबर त्यानं दस्त्याजवळच्या नंबराशी ताडून पाहिला. "नळ्या तुमच्याच आहेत, काकाजी. रंग गेला फक्त." त्याचे डोळे भरून आले होते.

रत्नाबाई पूजेचं ताट घेऊन आली. "अजी, मीनंच घासल्या ना त्या! देवाच्या भांड्याच्या पेटीत लपवली होती. दसऱ्यासाठी सारी भांडी चिंचेनं घासली, तं ह्याही घासल्या. कित्ती काळ्या झाल्या होत्या!"

टिकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं नळ्यांवर हात फिरवला. आजोबा कुठेच लागेनात.

वीरेंद्रनं ताटातलं आपट्याचं पान उचलून त्याच्या हातात ठेवलं आणि वाकून पाया पडला. "सोनं घ्या, काकाजी."

त्यालाही उलट सोनं द्यायची रीत होती. ताटात पानं ढीगभर होती. टिकारामचा हात काही उचलेना.