खारी राख

दुर्गाप्रसादने आपल्या कुंपणाच्या खांबाला लाथ घातली. खांब मोडला नाही, भरलेलं पोतं बसावं तसा जागच्या जागी बसला. मातीलगत त्याला पांढऱ्या बुरशीचा जाड पापुद्रा धरला होता.

"पाहा मुन्नालालभाऊ, वीस वर्स टिकन म्हनून घेतला हा खांब. सहाव्या वर्सी भुगा झाला. दवाई कायची, मोरचुदाचं रंगीत पानी पाजलं या बुढ्यानं."

मुन्नालाल बिरसीचा शेतकरी. बांधाच्या कुंपणासाठी दोनशे खांब तो गोवर्धनकडून घेणार होता, पण आधी या गावात लागलेले पाहतो म्हणून आला होता. बुढा म्हणजे शेजारीच उभा असलेला गोवर्धन. त्याने लाकडाच्या डेपोत तीस वर्षं दवाईच्या टाकीवर काढली होती. घरी आल्यावर परसात तशीच टाकी बांधली. निलगिरीचे खांब सोलायचे, वाळवायचे आणि तांबं, क्रोम आणि सोमल हे जहर घातलेल्या हिरव्या पाण्यात मुरवायचे. कच्चा खांब त्याच्या हातून कधी गेला नव्हता. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

गोवर्धन उकिडवा बसला. खांबाचा तुकडा त्याने बोटांनी फोडला. आत लाकूड तपकिरी होऊन चौकोनी चिरलं होतं आणि चिरांत फिकट निळसर भुकटी होती.

"दवाई आहे यात," तो म्हणाला. "बुरशीच पक्की निंगाली. डेपोच्या साहेबानं दाखवली होती मले. हे बुरशी आंबट सोडते. चिंच कशी तांब्याच्या भांड्याले लागते, तशी. त्या आंबटानं दवाईतल्या तांब्याले बांधते, त्याचे बारीक खडे करून बाजूले टाकते, अन् मंग आरामानं लकडी खाते. जहर जात नाई कुठं. लकडीतच रायते."

"जहरात बसून खाते? मंग तुह्याच जातीची दिसते."

मुन्नालाल हसला. गोवर्धनला ते हसणं शिवीपेक्षा लागलं.

उपटलेले बारा खांब अंगणात वाळत पडले होते. दुर्गाप्रसाद त्यांच्याकडे हात करून म्हणाला, "आजच जाळतो सारे. गोठ्यात गोचीड झाली, पसराले राख लागतेच."

"जाळू नोको गा. धूर वाईट आहे. अन् राख खारट लागते, ढोरं चाटतात. डेपोच्या आवारात दोन गाई माह्या डोळ्यापुढं गेल्या."

"दवाई नाई तं जहर कुठून आलं? अन् जहर आहे तं बुरशी जगली कायले? दोनातली एक गोष्ट बोल."

गोवर्धनने ती गोष्ट आत्ताच सांगितली होती. तो उठून घरी आला.

दुपारी दुर्गाप्रसादच्या अंगणातून धूर निघाला. गोवर्धनची बायको रुख्मा दारात उभी राहून पाहत होती.

"जाऊ नोका," ती म्हणाली. "चाटू द्या. एक बैल पडला का साऱ्या गावाले समजते कोनाची दवाई खरी होती."

"बैलानं का केलं तुहं?"

"तुमी तरी का केलं होतं कोनाचं?"

तो तिच्यावर खेकसला, कारण हाच विचार सकाळपासून दोनदा त्याच्याही मनात येऊन गेला होता. बैल पडला तर मुन्नालालच काय, सगळा तालुका टाकीवर येईल. राख उचलली तर दाखवायला काही उरणार नाही. तो बाजेवर बसला. धूर विरळ झाला, मग थांबला. आता राख निवत असेल, आता पसरत असतील. त्याने तोंडाला दुपट्टा बांधला, रिकामं पोतं आणि फावडं घेतलं.

गोठ्यात दुर्गाप्रसादची बायको सुशिलाबाई शेवटचं घमेलं रिकामं करत होती. जवळच्या बैलाने मान वाकवली होती. गोवर्धनने त्याची वेसण धरून मान मागे ओढली, दावं आखडून बांधलं आणि राख खरडायला लागला.

"कोनाले इचारून शिरले जी आत? ओ, या ना इकडं, हा बुढा पाहा का करून राहिला."

दुर्गाप्रसाद जेवणावरून उष्ट्या हाताने धावत आला. मागे मुन्नालाल.

"पाहा भाऊ, पुरावा उचलून चालला चोर. तपासाले पाठवली असती हे राख."

गोवर्धनने खरडणं थांबवलं नाही. पोत्यात सगळी राख गेली तेव्हा त्याने वरची मूठभर काढून दुर्गाप्रसादच्या उष्ट्या हातावर ठेवली.

"तपास इथंच कर. घे, चाटव बैलाले."

"चाटवतोच. भेतो का तुले?"

"चाटव मंग. मी बसतो इथं उद्यापर्यंत."

दुर्गाप्रसादने हात पुढे केला. बैलाने वास घेतला आणि लांब, खरबरीत जीभ बाहेर काढली. जीभ पोहोचणार तोच मूठ मिटली. बैल मिटल्या मुठीकडे मान ताणत राहिला.

मुन्नालाल त्या मुठीकडे पाहत होता.

"निंग माह्या अंगणातून," दुर्गाप्रसाद म्हणाला. "पुन्हा पाय ठेवला तं तंगडं मोडीन." त्याने मूठ पोत्यात झाडली.

गोवर्धनने पोतं पाठीवर घेतलं. त्याला खोल खड्डा खणायचा होता, विहिरीपासून दूर. फाटकाशी मुन्नालालने वाट सोडली. रस्त्यावर येईपर्यंत मागे हापशी सुरू झाली. कोणीतरी हात धूत होतं. गोवर्धन आपल्या दारापर्यंत पोहोचला तरी ती थांबली नव्हती.