एक्केचाळीस नंबरचा निबंध

निबंध तपासायचे म्हटले की त्या शाळेत दरवर्षी वाद ठरलेला. एका शिक्षकाने दहापैकी आठ द्यावेत, त्याच निबंधाला दुसऱ्याने पाच. पालक जाब विचारायला येत आणि परीक्षाप्रमुख बाईंची पंचाईत होई. त्यामुळे विद्यापीठातली एक संशोधक नवी पद्धत घेऊन आली, तेव्हा बाईंनी लगेच होकार दिला. या पद्धतीत गुण द्यायचेच नव्हते. संगणकावर मुलांच्या हस्ताक्षरातले दोन निबंध शेजारी शेजारी येतील, त्यांतला चांगला कोणता एवढंच सांगायचं. दहा जणांनी अशा शेकडो जोड्या पाहिल्या की साठ निबंधांचा क्रम लागणार होता. पहिल्या पाच मुलांना लेखनवर्गात जागा मिळणार होती.

निकाल आला. बाई धरून नऊ शिक्षकांची मतं एकमेकांशी छान जुळली होती. दहाव्या परीक्षक, शाळेच्या ग्रंथपाल, तेवढ्या वेगळ्या पडल्या. एक्केचाळीस नंबरच्या निबंधाचं अक्षर म्हणजे नुसती मुंग्यांची पळापळ. नऊ जणांनी तो जवळजवळ दर वेळी नाकारला होता. ग्रंथपालांपुढे तो चारदा आला आणि चारही वेळा त्यांनी तोच निवडला.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. निबंधांवर नावं नव्हती, पण यादी त्यांच्याच कपाटात होती. एक्केचाळीस नंबर सातवीतल्या एका मुलीचा निघाला, आणि ही मुलगी रोज मधल्या सुट्टीत वाचनालयात बसायची. म्हणजे पाणी इथंच मुरत होतं! शिवाय संगणकाने वेळही नोंदवला होता. बाकीच्यांनी अर्ध्या मिनिटात जोडी निकालात काढली होती. ग्रंथपालांना या निबंधाच्या एकेका जोडीला पाच-सहा मिनिटं लागली होती. एवढा वेळ काय करत होत्या? अक्षर ओळखत होत्या?

मग बाई वाचनालयावर पाळत ठेवू लागल्या. मुलगी कधी येते, दोघी काय बोलतात, कशाला हसतात. एकदा ग्रंथपालांनी तिच्या हातात एक कागद दिलेला दिसला. बाई लगबगीने आत गेल्या, तर ते पुस्तकाचं सुटलेलं पान होतं, चिकटवायला दिलेलं. तरी संशय काही जाईना.

शेवटी त्यांनी संशोधिकेला फोन करून ग्रंथपालांची मतं वगळायला सांगितलं. ती म्हणाली, "वगळता येतील. पण नऊ जण एकसारखे चुकले असतील तरी त्यांची मतं जुळतीलच ना? आधी तपासून पाहू या."

बाईंना हे पटलं नाही, पण त्यांना एक युक्ती सुचली. निबंध टाइप करून पुन्हा दाखवायचे. अक्षरच नसलं तर ग्रंथपाल ओळखणार कशा? गुपित राहावं म्हणून रविवारी सकाळी बाई स्वतःच घरी टाइप करायला बसल्या. विषय होता 'माझी खोली'. आधी त्यांनी पहिला आलेला निबंध घेतला. पुटपुटत टाइप करायची त्यांना सवय होती. "माझी खोली नीटनेटकी आहे. नीटनेटकेपणा हा यशाचा पाया आहे..." बाजूला पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांनी पान उलटलं.

मग एक्केचाळीस. "मला खोली नाही. मी जिन्यात अभ्यास करते. पावलांवरून मला कोण वर येतंय ते कळतं. काम मिळालेल्या दिवशी बाबा दोन-दोन पायऱ्या चढतात. काम नसलं की थांबत थांबत येतात. मग मी पुस्तक मिटून त्यांना बसायला जागा करते..."

बाई थांबल्या. सासऱ्यांनी पेपर मांडीवर ठेवला होता. "पुढे काय?"

"थांबा बाबा, अक्षर लागत नाहीये."

"अगं, मग तू तपासलास कसा?"

बाईंनी संगणकातली वेळांची नोंद उघडली. हा निबंध त्यांच्यापुढे दोनदा आला होता. एकदा नऊ सेकंद, एकदा अकरा. त्यांनी तो वाचलाच नव्हता!

सोमवारी त्या वाचनालयात गेल्या आणि पाळत ठेवल्यापासून सगळं कबूल केलं.  ग्रंथपाल म्हणाल्या, "तो निबंध कोणाचा हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. अक्षर लागत नव्हतं म्हणून वेळ गेला, मॅडम. माझं सोडा. पण तुम्ही बघत उभ्या राहता म्हणून त्या मुलीने गुरुवारपासून इथं यायचं बंद केलंय."

हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं. त्या तडक सातवीच्या वर्गाबाहेर गेल्या, मुलीला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं की मी तुझ्यावर विनाकारण संशय घेतला, चूक माझी आहे. मुलगी घाबरून पायाकडे बघत राहिली. ती वाचनालयात परतली ती दोन दिवसांनी.

पुढे साठही निबंध टाइप करून नव्याने पाहिले गेले. शिक्षकांनी कुरकुर केली, पण वाचलं. एक्केचाळीस नंबर तिसरा आला, आणि मुलीला लेखनवर्गात जागा मिळाली. शिक्षकांच्या बैठकीत बाईंनी आपले ते नऊ आणि अकरा सेकंद स्वतःहून सर्वांना सांगितली.

वाचकहो, चारचौघांपेक्षा वेगळं बोलणाऱ्याचा हेतू शोधायला आपण किती पटकन निघतो! त्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसावं, आणि त्याने जे पाहिलं ते आपण खरंच पाहिलं होतं का, एवढं स्वतःला विचारावं.